एडिसन गावाला निघालेला मिक्सर

पार्ल्याच्या बाजारात विजेच्या वस्तूंच्या एका दुकानात मी "एकशेदहाचा मिक्सर आहे का?" एवढंच विचारलं. दुकानदार पावती लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "कुठे, जर्सीला का?"

"हो, एडिसनला. भाचीला हवाय."

"मग साडेसातशे वॉटचा न्या काकू. तीन भांडी आहेत, पिन तिकडचीच, चपटी. फक्त इथे लावून बघू नका म्हणजे झालं."

हे शेवटचं मला सांगायची गरज नव्हती. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या घरात तो प्रयोग होऊन गेलाय. मामा अमेरिकेहून आला होता आणि आईसाठी काचेच्या उंच भांड्याचा ब्लेंडर घेऊन आला होता. आमचं घर विमानतळाला इतकं लागून, की डोक्यावरून विमान गेलं की बोलणारा वाक्य अर्धवट टाकून थांबायचा आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचा. नव्या पाहुण्याला वाटायचं, या घरात काहीतरी बिनसलंय. तर अशाच एका विरामानंतर आईने ब्लेंडरात ओलं खोबरं घातलं, वडिलांनी चपट्या पिनेला गोल पिनेचा जोड लावला आणि बटण दाबलं. यंत्राने एक विलक्षण वरचा सूर लावला. मग निळसर उजेड, वार्निश जळल्याचा वास आणि सगळ्या घरात अंधार. वडील मेणबत्तीच्या उजेडात चिनी मातीच्या फ्यूजमध्ये तार बांधत बसले. काचेच्या त्या भांड्यात पुढे कित्येक वर्षं चिवडा राहिला.

त्या ब्लेंडरचा गुन्हा एवढाच होता, की तो चुकीच्या भिंतीला लागला होता.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितकं खालच्या नळाला पाणी जोरात, तसं. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत, अमेरिकेच्या भिंतीत १२०. बाजारात मात्र सगळे अजून 'एकशेदहा'च म्हणतात आणि त्या आकड्याची गोष्ट माझ्या भाचीच्या घरापासून फार लांब नाही. थॉमस एडिसनची प्रयोगशाळा न्यू जर्सीत मेन्लो पार्कला होती. १८७९ साली त्याचा दिवा तिथे पेटला. मेन्लो पार्क ज्या गावात मोडतं, त्या गावाने १९५४ साली स्वतःचं नाव बदलून 'एडिसन' ठेवलं. आज त्याच गावातल्या ओक ट्री रोडवर भारतीय किराण्याची आणि साड्यांची दुकानं आहेत. तर १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केलं, तेव्हा दाब ठेवला ११० व्होल्टच्या आसपास. त्याच्या दिव्यातल्या कार्बनच्या नाजूक तंतूला तेवढाच मानवत होता.

पुढे एडिसनची एकदिश वीज हरली, हेलकावे खाणारी वीज जिंकली, कार्बनचा तंतू जाऊन टंगस्टन आलं, टंगस्टन जाऊन एलईडी आले. दाब मात्र जवळपास तोच राहिला, कारण तोवर घराघरांत त्या दाबाचे दिवे आणि पंखे लागले होते. दीडशे वर्षांपूर्वीचा एक तंतू किती सोसेल, या हिशेबावर आजही एका खंडप्राय देशातल्या भिंती चालतात! बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ साली वेगळा हिशेब केला. दाब दुप्पट केला तर तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह पुरतो, म्हणजे तार बारीक चालते. तिने २२० व्होल्टचा मार्ग धरला आणि ग्राहकांची उपकरणं बदलून द्यायचा खर्च तांब्याच्या बचतीतून भागवला. हळूहळू सगळा युरोप त्या वाटेने गेला. आपणही त्याच कुळातले. अमेरिकेची खरी गंमत अशी, की तिथल्या घरात २४० व्होल्ट येतातच. कपडे वाळवायच्या यंत्राला आणि विजेच्या शेगडीला ते पूर्ण मिळतात, बाकी भिंतींच्या वाट्याला निम्मे.

आता मिक्सर. त्याच्या पोटात काय चाललंय हे समजायला सुरुवात छताच्या पंख्यापासून करावी लागते. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. पंख्याची किंवा पिठाच्या गिरणीची मोटर या हेलकाव्यांच्या तालावर फिरते. थेट भिंतीवर चालणारी अशी मोटर कितीही कसबाने बनवली, तरी सेकंदाला ५० फेऱ्यांच्या, म्हणजे मिनिटाला ३,०००च्या पुढे ती जाऊ शकत नाही. ताल सोडणं तिच्या स्वभावातच नाही. गिरणीला तेवढं पुरतं, कारण तिथे जड दगड असतो. चिमूटभर पात्याने हळकुंड फोडायचं असेल तर ३,००० म्हणजे काहीच नाही.

म्हणून मिक्सरमध्ये वेगळ्याच जातीची मोटर असते. तिच्यात दोन कॉइली: एक जागेवर बसलेली, एक फिरती. फिरतीला वीज पोचवायला कार्बनचे दोन छोटे ठोकळे तिच्या तांब्याच्या कड्यावर सतत घासत राहतात. विजेची दिशा उलटली की दोन्ही कॉइलींची चुंबकं एकाच क्षणी उलटतात. उणे गुणिले उणे अधिक व्हावं तसा धक्का मात्र त्याच दिशेने बसत राहतो. त्यामुळे या मोटरला ताल पाळायची सक्तीच उरत नाही. ती मोकाट सुटते. रिकामं भांडं असेल तर मिनिटाला १८,००० फेऱ्यासुद्धा सहज. पात्याची लांबी मध्यापासून तीन सेंटिमीटर धरली, तर त्याचं टोक ताशी २०० किलोमीटरने धावतंय! पार्ल्याच्या डोक्यावरून गेलेलं विमान पलीकडे धावपट्टीला चाकं टेकवतं, तेव्हा त्याचा वेग याच्यापेक्षा फार जास्त नसतो. आणि आपण त्या भांड्याच्या झाकणावर तळहात ठेवून फोनवर बोलत असतो.

रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवून मिक्सर लावा आणि खालच्या फटींतून पाहा. निळ्या ठिणग्यांचं एक कडं दिसेल. कार्बन कड्यावर घासतोय, त्याच्या त्या ठिणग्या. दुरुस्तीवाला "कार्बन संपलाय ताई" म्हणतो तो हाच. पेन्सिलीसारखा झिजत जातो आणि एके दिवशी कड्यापर्यंत पोचतच नाही.

भाचीसाठी घेतलेला मिक्सर आणि माझ्या ओट्यावरचा मिक्सर शेजारी ठेवले तर जुळी भावंडं. फरक आतल्या तांब्यात. ७५० वॉट काढायला माझा मिक्सर साधारण सव्वातीन अँपिअर घेतो, तिचा सव्वासहा. जास्त प्रवाहाला वाट रुंद लागते, म्हणून तिच्या कॉइलीत तार जाड आणि वेढे कमी. मामाच्या ब्लेंडरची तार अशीच जाड आणि कमी वेढ्यांची होती. तिच्यावर दुप्पट दाब आला, मर्यादेबाहेरचा प्रवाह धावला आणि तारेवरचं वार्निश जळालं. उलट आपला मिक्सर तिकडच्या भिंतीला लावला तर जळत नाही, नुसता कण्हतो. हेलकाव्यांचा फरक, म्हणजे आपले ५० आणि अमेरिकेचे ६०, मिक्सरच्या गावीही नसतो.

पण ज्या देशातून एकेकाळी ब्लेंडर येत होता, त्याच देशात आता पार्ल्याहून मिक्सर का जावा? तिकडे मिक्सर मिळत नाहीत असं थोडंच आहे? याचं उत्तर भांड्यात आहे.

अमेरिकेचा ब्लेंडर जन्माला आला तो पिण्याच्या पदार्थांसाठी. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या स्टीफन पोप्लॉस्कीने १९२२च्या सुमारास भांड्याच्या बुडाशी फिरतं पातं बसवलं, ते माल्टेड मिल्क घुसळायला. हॉर्लिक्सही त्याच गावचं. मग १९३७ साली फ्रेड वेअरिंग नावाच्या बँडवाल्याने पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेलेला ब्लेंडर बाजारात आणला आणि बारमधल्या कॉकटेलांनी त्याला प्रसिद्धी दिली. (पोलिओच्या लशीवर काम करताना जोनास साल्कनेही प्रयोगशाळेत हाच ब्लेंडर वापरला. बँडवाल्याच्या खात्यावर हे पुण्य जमा आहे.) भांडं उंच आणि निमुळतं, कारण त्यात भोवरा व्हायला हवा: मधलं खाली ओढलं जातं, पात्याला लागतं, कडेने वर चढतं, परत खाली. पण भोवऱ्याला पाणी लागतं. सुक्या खोबऱ्याचा भोवरा होत नाही. ते कडेला जाऊन चिकटतं आणि पातं मधल्या हवेत रिकामं फिरत राहतं.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला माधुरी माथुर यांच्या घरी ब्राउन या जर्मन कंपनीचं यंत्र होतं. आपल्या वाटणाघाटणाने त्याची मोटर जळाली आणि इथे दुरुस्तीची सोय नव्हती. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनीयर होते. त्यातून १९६३ साली त्यांची कंपनी उभी राहिली आणि 'सुमीत' नावाचा मिक्सर आला. सुमीत म्हणजे चांगला मित्र. आमच्या पिढीला वेगळी ओळख करून द्यायला नको. कित्येक घरांत मिक्सरलाच 'सुमीत' म्हणत. असल्या मिक्सरची सगळी रचनाच आपल्या पाट्यावरवंट्याकडे बघून झालेली. काचेऐवजी स्टीलचं भांडं; प्लॅस्टिकही नको, कारण हळद त्याला कायमचं पिवळं करते. बूड रुंद, पाती अगदी बुडालगत, म्हणजे मूठभर लसणाची चटणीही पात्याखालून सुटत नाही. आणि मोटर दमाची, कारण ओलं खोबरं, भिजलेली डाळ, खडा मसाला एकामागोमाग एक येणार, मध्ये विश्रांती नाही. दमली तर बुडाशी लाल बटण असतं: मोटर फार तापली की ते स्वतःहून बाहेर येतं आणि यंत्र बंद पडतं. पाच मिनिटं थांबून ते आत दाबायचं, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असतं.

सगळ्यात बोलका फरक शेंगदाण्यांत दिसतो. भाजलेले दाणे ब्लेंडरात घालून बटण सुरू ठेवा. आधी कूट होतं, मग पातं तापतं, दाण्यांतलं तेल सुटतं, कुटाचा गोळा होतो आणि शेवटी चकचकीत लगदा. अमेरिकन माणूस म्हणेल, झालं पीनट बटर. माझी आई म्हणेल, बिघडवलंस ना कूट! आपल्या मिक्सरच्या बटणाला डावीकडे 'इंचर' असतो. हात लावला की फिरतो, सोडला की थांबतो. त्याने तीन-चार झटके द्यायचे, भांडं आपटायचं, परत दोन झटके. तेल सुटायच्या आत दाणे फुटतात. पदार्थ तोच. एक देश बटण दाबून ठेवतो, दुसरा सोडतो.

जगात अशी माथुर जोडपी आणखीही आहेत. जपानमध्ये विजेचा भाताचा कुकर जमत नव्हता. भात कधी शिजला हे यंत्राला सांगायचं कोणी? तोशिबासाठी काम करणारे छोटे कारखानदार योशितादा मिनामी आणि त्यांची बायको फुमिको यांनी हे कोडं सोडवलं. भात शिजवून पाहायचे असंख्य प्रयोग फुमिकोंनी केले. उपाय इतका साधा, की ऐकून हसू येतं: एका भांड्यात दुसरं भांडं ठेवायचं आणि बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी ओतायचं. पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर जाऊच शकत नाही. वीसेक मिनिटांत ते आटतं, तापमान एकदम उसळतं, दोन धातूंची एक चिकटवलेली पट्टी वाकते आणि वीज बंद. यंत्राला घड्याळ नको, अक्कल नको. पाणी संपलं हीच खूण. १९५५च्या डिसेंबरात तो कुकर बाजारात आला. आपल्याकडे हीच वेळ शिट्ट्यांनी मोजतात. युरोपातले बरेच प्रेशर कुकर शिट्टी मारतच नाहीत, एका लयीत फुसफुसत राहतात. 'तीन शिट्ट्या' हे आईचं माप तिकडे पोचलं की निकामी होतं.

जपानचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते, कारण मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. त्या एवढ्याशा देशात दोन विजा आहेत. तोक्योने १८९५च्या सुमारास जर्मन यंत्रं घेतली, ती ५० हेलकाव्यांची. ओसाकाने पाठोपाठ अमेरिकन घेतली, ती ६० हेलकाव्यांची. कोणीच बदललं नाही. आजही देशाच्या मधोमध फुजी नदीच्या आसपास अदृश्य रेषा आहे: पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०. २०११च्या भूकंपात तोक्योकडची वीजकेंद्रं बंद पडली, तेव्हा पश्चिमेकडची वीज हवी तेवढी पाठवता आली नाही. हेलकावे बदलून देणारी केंद्रं पुरी पडेनात. जपानी दुकानात मायक्रोवेव्ह घेताना घर रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, याचा विचार करावा लागे. पार्ले पूर्व की पश्चिम, हा प्रश्न आपल्याकडे रिक्षावाला विचारतो, तिकडे मायक्रोवेव्ह.

आपल्या पिनेचीही गोष्ट आहे. तीन गोल पिनांचा आपला प्लग इंग्रजांचा. घरात दोन मापं: लहान, पंख्या-रेडिओची, आणि मोठी, पॉवरची. वरची पिन लांब आणि जाड, ती आधी आत शिरते, म्हणजे वीज पोचायच्या आधी अर्थिंग जोडलं जातं. आणि जाड असल्यामुळे ती चुकून दुसऱ्या भोकात जातच नाही. इंग्रजांनी युद्धानंतर तांबं वाचवण्यासाठी घरातल्या वायरिंगची पद्धतच बदलली आणि चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला नवा प्लग ठरवला. साल १९४७. म्हणजे ज्या वर्षी त्यांनी भारत सोडला, त्याच वर्षी आपला जुना प्लगही सोडला. आपण तो सांभाळला.

विलायतेच्या नव्या प्लगमधून १३ अँपिअर म्हणजे जवळपास तीन किलोवॉट मिळतात, म्हणून तिथे किटली झटपट उकळते. अमेरिकन भिंत दीड-पावणेदोन किलोवॉटवरच थांबते, म्हणून तिथे किटली फारशी रुजली नाही. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषक फुटबॉलचा इंग्लंड-पश्चिम जर्मनी उपांत्य सामना संपला आणि ब्रिटनची विजेची मागणी एका दमात २,८०० मेगावॉटने उसळली. हरलेला देश चहा ठेवायला उठला होता.

या सगळ्या हट्टी मंडळींत एकच वस्तू अशी, की तिला कुठल्याच भिंतीचं वावडं नाही: तुमच्या मोबाईलचा चार्जर. चष्मा लावून त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचा. १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ. म्हणजे तोक्यो, ओसाका, एडिसन, पार्ले, सगळं चालतं. आमच्या तरुणपणीच्या वॉकमनला जो काळा, जड, तापणारा एलिमिनेटर लागायचा, त्याच्या पोटात लोखंडाचा गाभा असे. विजेचा हेलकावा जितका संथ, तितका गाभा मोठा लागतो. चार्जर वेगळीच युक्ती करतो. भिंतीतून येईल ती वीज आधी एकदिश करतो, मग तिचे सेकंदाला हजारो, लाखो तुकडे करतो. हेलकावा इतका वेगवान झाला की बोराएवढा गाभाही पुरतो. पलीकडे पाच व्होल्टच निघतायत ना, यावर एक चिप नजर ठेवून असते. जास्त झाले तर तुकडे छोटे करते, कमी झाले तर मोठे. समोर १०० आहेत की २४० याची तिला फिकीर नाही. भोकाचं भांडणही मिटत आलंय: २८ डिसेंबर २०२४पासून युरोपात नव्या मोबाईलला टाइप-सीची सक्ती झाली.

हे माझ्या मनाने घेतलंय. खिशातली यंत्रं आपला देश विसरत चालली आहेत आणि ओट्यावरची विसरायला तयार नाहीत. मोबाईलला काय, सगळीकडे एकच काम. मिक्सरला पार्ल्यात वाटण करायचं असतं.

तर मिक्सर निघाला. बॅगेला २३ किलोची मर्यादा, त्यातले पाच मिक्सरने खाल्ले. आईने मोठ्या भांड्यात गोडा मसाला कोंबला, मधल्यात मेतकूट, चटणीच्या भांड्यात सुंठ आणि जायफळ. पाती असल्यामुळे सगळं सामानात गेलं, हातात काही नाही. मागे राहिलेलं पार्लंही बदलत गेलंय. इथे १९२९ साली सुरू झालेला पार्ले बिस्किटांचा कारखाना २०१६ला बंद झाला. त्याच वर्षी, १९२९ला, उपनगरांना वीज द्यायला बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी निघाली होती, तिचं नावही पुढे बदलत गेलं. भिंतीतली वीज मात्र तीच, आणि माझा मिक्सर त्याच भिंतीला.

आठवड्याने भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ओट्यावर मिक्सर मांडलेला, भांड्यात खोबरं.

"लाव की गं," आई म्हणाली.

"लावलाय आजी."

"कुठे लावलायस? आवाज नाही काही."

भांडं थरथरताना दिसत होतं, झाकणावर तिचा तळहातही हलत होता. आवाज नव्हता. फोन माणसाचा आवाज तेवढा निवडून घेतो, बाकीची घरघर गाळून टाकतो. मिक्सर त्याच्या लेखी नुसती घरघर. आई डोळे बारीक करून बघत राहिली. "असा कसा मुका मिक्सर," ती म्हणाली, आणि तेवढ्यात आमच्या डोक्यावरून विमान गेलं. आम्ही सवयीने थांबलो, मी, आई, बहीण, तिघीही.

"काय झालं?" एडिसनहून भाची म्हणाली. "तुम्ही सगळ्या गप्प का झालात?"